सुकटीतलं आर्सेनिक

मोरिवली, रविवार

चि. शीलास दादाचा जय भीम. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहितोय. गुडघे कसे आहेत? मुरूडला धड डॉक्टर नसेल तर इकडे ये, असं मी दर वेळी लिहितो आणि तू दर वेळी सुकट पाठवतेस. त्याच सुकटीने माझी वाट लावली (की चांदी केली, ते पुढे वाच).

इथल्या केमिकल कंपन्यांच्या शेजारी राहणाऱ्यांची लघवी तपासायचं शिबिर झालं. मला असल्या नाटकांचा कंटाळा, पण पुण्याहून प्रमोदने डोकं खाल्लं म्हणून दिली बाटली भरून. आधी मासळी खाऊ नका म्हणाले होते. आता सुकट ही काय मासळी? ती चटणी. दोन्ही वेळ तीच खात होतो, एकट्यासाठी कोण भाजी चिरत बसणार. रिपोर्ट आला, आर्सेनिक भरपूर. पूर्वी उंदरांना घालायचे ना, ते विष.

मग काय, प्रमोद सोनियाला आणि पोरीला घेऊन तडक हजर. सुनेने माझा माठ मोरीत ओतला. नात माझ्या पोटाला कान लावून विष कुठे वाजतंय ते ऐकायची. तुझी भागीरथी वहिनी गेली त्यानंतर घरात एवढ्या चपला नव्हत्या. विषाने मरणारा माणूस मी, पण वजन वाढलं.

पण लॅबवाली रंजना मॅडम, बदलापूरची, फार चिकट. म्हणाली, पहिल्या मशीनने आर्सेनिक किती ते सांगितलं, कुठल्या जातीचं ते नाही. (माणसाची विचारली असती तर उठून आलो असतो.) मग तिने उरलेला नमुना एका बारीक नळीतून सोडला. त्यात म्हणे एकेक जात सुटी होऊन आपापल्या वेळेला बाहेर पडते, आणि पुढचं मशीन प्रत्येकीला वेगळं मोजतं. काही जाती खऱ्या विषारी. मासळीतली मात्र गरीब, आली तशी निघून जाते.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, सुकट खाल्लीत ना?"

मी म्हटलं, "चटणी खाल्ली."

सगळं तुझ्या सुकटीचंच निघालं. प्रमोद हसला, पाया पडला आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांना घेऊन गेला. आता मोबाईलवर नुसता अंगठा येतो. पाण्याचा फिल्टर बसवून गेलाय, आठ जणांना पुरेल एवढा.

तब्येतीला जप.

तुझा दादा,
भीमराव

ता. क. पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे. त्याआधी पोचेल अशी सुकट पाठव. जरा जास्तच पाठव, म्हणजे रिपोर्टही तसाच येईल.

आणखी एक. आत्ता आठवलं, मॅडम या वेळी पहिल्यापासून जातच बघणार आहेत. म्हणजे सुकटीने कोणी येणार नाही. तेव्हा पोस्टात टाकू नको. तू घेऊन ये.