जाणकारांनी मार्गदर्शन करावे

उमेळे, वसई
१९ सप्टेंबर

प्रिय हर्षवर्धन,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर. बाबांना आता कागदावर लिहायची हौस कुठून आली, असं वाटेल तुला. घराण्याच्या ग्रुपवर लिहिलं असतं तर तू वरच्या चार ओळी वाचल्या असत्यास आणि स्टिकर टाकून मोकळा झाला असतास. पत्राचं निदान पान तरी उलटावं लागतं. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं मी जगाचे फोन जोडले, आणि पोटच्या पोराशी बोलायला मला पोस्टाची पेटी शोधत स्टेशनापर्यंत जावं लागलं. असो.

इकडचं सगळं ठीक आहे. आपल्या गॅलरीसमोरची केळीची वाडी शेवटी गेली. आता तिथे पत्र्याचं कुंपण आहे आणि दिवसभर मशीन घरघरतं. प्रिस्काबाय मात्र वटारहून अजून येते, मंगळवारी आणि शुक्रवारी, डोक्यावर तीच टोपली. एकट्या माणसाला पालकाची जुडी जास्त होते म्हणून अर्धी तोडून देते, आणि जाताना तुझ्या आईच्या फोटोकडे बघून छातीवर क्रुसाची खूण करते. माझी शुगर बरी आहे. तू लिहून दिलेल्या गोळ्या घेतो. कारल्याचा रस सोडला, मेथीचं पाणी सोडलं, तेव्हा काळजी नको.

तुझं चुकत होतं असं मी कधीच म्हणणार नाही. भेंडीच्या पाण्याने शुगर जाते हा मेसेज मीच टाकला होता, आणि तो वाचून तुझ्या शत्रुघ्नमामाने आठ दिवस गोळ्या बंद ठेवल्या नि चक्कर येऊन जिन्यात पडला. तू खडसावलंस ते बरोबरच. पण एक्केचाळीस माणसांसमोर खडसावलंस. ‘माझे वडील शिकलेले आहेत यावर माझा विश्वास बसत नाही’ हे तुझंच वाक्य. मग माझा तो माकडटोपीतला फोटो काढलास, खाली ‘सोर्स काय, बाबा?’ असं लिहून त्याचं स्टिकर केलंस. घराघरात गेलं ते. तुझी चुलतबहीण ज्ञानदा तर नवऱ्याने चहा उशिरा दिला तरी माझं तोंड पाठवायची म्हणे. तुझी आई माझ्यादेखत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार?

त्यानंतर तुझा नियम आला. आदल्या दिवाळीत आईने ढेकर थांबत नाहीत म्हणून सकाळी अकराला तुला फोन केला, आणि तू तिला झाडलंस. दहा ते दोन ओपीडी असते, त्या वेळात फोन करायचा नाही. तब्येतीचं काही असेल तर ग्रुपवर टाकायचं, म्हणजे एकदाच उत्तर देता येतं आणि सगळ्यांना उपयोग होतो. बिचारीने लगेच चिठ्ठी लिहून फ्रिजच्या दारावर लावली: ‘हर्षू, १० ते २ फोन नाही.’ अजून आहे तिथे. मी काढलेली नाही.

आता तुला एक गंमत सांगतो. डॉक्टर असून तुला ती कधी कळली नाही. तुझ्या त्या नियमानंतर आपल्या घराण्यात कुणी स्वतःचं दुखणं स्वतःच्या तोंडाने सांगितलंच नाही. एक्केचाळीस जणांत आपली मूळव्याध कोण सांगणार? ज्याला जे होई त्याने त्या दुखण्याचा एखादा आलेला मेसेज शोधायचा, ग्रुपवर टाकायचा, खाली लिहायचं ‘जाणकारांनी मार्गदर्शन करावे’, आणि तुझी वाट बघायची. तू म्हणालास थापा आहेत, तर थापा. तू म्हणालास गोळी घ्या, तर मामा गुपचूप गोळी घेई. अब्रूही राहायची आणि औषधही कळायचं. तुला वाटायचं, ही म्हातारी खोडं कचरा पुढे ढकलतायत. अरे, आम्ही तुला नाडी दाखवत होतो.

१० ऑक्टोबरला सकाळी तुझी आई ओट्यापाशी मेथी निवडत होती. म्हणाली, दाढ दुखतेय. थोड्या वेळाने म्हणाली, दाढ नाही, सगळा जबडाच. मग पाठीत, दोन खांद्यांच्या मधे. पंखा चालू होता आणि तिच्या ब्लाउजची पाठ ओली झाली होती. मी म्हटलं, हर्षूला फोन लावू. तिने बोटाने फ्रिजचं दार दाखवलं. म्हटलं, मग इथल्याच डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणे, आणि गॅस निघाला की परत तुमचं स्टिकर होणार, या वेळी दोघांचं.

मला आठवलं, असलं काहीतरी मला कुणी पाठवलेलं होतं. शोधून काढलं. ‘हृदयविकाराची दहा लक्षणे आणि घरगुती उपाय.’ मला मान्य आहे, त्यातल्या नऊ थापा होत्या. कानाच्या पाळीवरची सुरकुती, लिंबू-हिंगाचं पाणी, जोरजोरात खोकल्याने बंद पडलेलं हृदय सुरू होतं, वगैरे. सहावा क्रमांक मात्र असा होता: स्त्रियांना छातीत न दुखता जबडा व पाठ दुखू शकते, घाम येतो, मळमळते. मी तो मेसेज ग्रुपवर टाकला. या वेळी खाली नेहमीच्या ओळीआधी स्वतः टाइप केलं, ‘क्रमांक सहा खरा आहे काय? तातडीने.’ ‘आईला होतंय’ एवढे दोन शब्द मी लिहिले नाहीत. लाज वाटली. बायको घामाने भिजली होती आणि मी एक्केचाळीस माणसांतली माझी लाज सांभाळत होतो. हा माझा गुन्हा आहे, तो तुझ्या गळ्यात घालत नाही.

अकरा बेचाळीसला मेसेज गेला. आई फोन हातात धरून बसली होती. मिनिटभरही झालं नसेल, तुझं उत्तर आलं. माझं तोंड. माकडटोपी. सोर्स काय, बाबा?

तिने सुस्कारा सोडला आणि हसली, हर्षू. खरंच हसली. म्हणाली, “बघा, हर्षू हसतोय. म्हणजे काही नाही. उगाच घाबरवलंत मला.” ओवा चावून खाल्ला आणि कॉटवर जाऊन आडवी झाली. तुझ्या आईचा देवापेक्षा तुझ्यावर विश्वास, हे काय तुला सांगायला हवं? मलाही हायसं वाटलं. आणि रागही आला, म्हणून पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसलो, घराकडे पाठ करून. दीड तास मी माझा अपमान चघळत बसलो होतो आणि आत ती मरत होती.

शुक्रवार होता म्हणून सव्वा वाजता प्रिस्काबाय आली. दारातूनच तिने आत पाहिलं आणि टोपली जिन्यात टाकून दिली. मला म्हणाली, “दादा, ही झोपली नाय. पानी नको पाजू, रिक्षा बोलव.” चौथी शिकलेली बाई. तिला सोर्स लागला नाही.

रिक्षात आईला थोडी शुद्ध होती. माझं मनगट धरलं होतं तिने. तिचे शेवटचे शब्द कोणते, हे तू त्या रात्री मला तीनदा विचारलंस आणि मी तीनदा खोटं बोललो. ती काही बोलली नाही, असं तुला सांगितलं. ती म्हणाली होती, “तो हसला ते त्याला सांगू नका. जन्मभर लागेल त्याला.” मी हो म्हटलं. हॉस्पिटलात त्या तरुण डॉक्टरने कधीपासून दुखत होतं ते विचारलं. मी सांगितलं. त्याने घड्याळ पाहिलं. दोन वाजायच्या आत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी लोक भेटायला आले तेव्हा तू सगळ्यांना समजावून सांगत होतास. बायकांची लक्षणं वेगळी असतात, छातीत दुखतच नाही, जबडा दुखतो, पाठ दुखते, घाम येतो. किती छान सांगितलंस. क्रमांक सहा, शब्द न् शब्द. मग म्हणालास, “घरच्यांच्या लक्षात येत नाही, हेच दुर्दैव,” आणि माझ्याकडे पाहिलंस. सगळ्यांनीच पाहिलं. मी सतरंजीकडे बघत बसलो. तुझ्या आईला शब्द दिला होता, म्हणून लोकांच्या नजरेत बायको मारणारा बावळट व्हायला मी तयार झालो. अकरा महिने राहिलो. मरेपर्यंतही राहिलो असतो, विचार कुणालाही. पण विचारणार कुणाला? माहीत असलेली दुसरी व्यक्ती गेली.

परवाच्या रविवारी सोसायटीच्या बाकावर आपल्या सेक्रेटरीने, रामनाथने, मोबाइल पुढे केला. म्हणे, काका, हे बघा, पोट धरून हसाल. ‘घरचे वैद्य, भाग चार.’ पांढरा कोट घालून तू, आणि तुझ्या मागे मोठा करून लावलेला मेसेज. चार लाख लोकांनी पाहिलाय म्हणे. पाठवणाऱ्याच्या नावावर तू काळी पट्टी मारली आहेस, ‘आमच्या ओळखीतले एक काका’ म्हणतोस. रामनाथला काय ठाऊक ते काका त्याच्या शेजारी बसलेत. बाकावरचे सगळे खो खो हसले. मीही हसलो रे, तोंडाला सवय झाली आहे. मग दिसलं की नाव झाकलंस पण बाकीचं झाकायला विसरलास. वर तारीख आहे, १० ऑक्टोबर. खाली वेळ आहे. त्याच व्हिडिओत तू लोकांना शिकवतोस, मेसेज आला की आधी तारीख बघा आणि मग शेवटपर्यंत वाचा. तुझ्या मागचा मेसेज चौथ्या ओळीवर संपतो, हर्षवर्धन. त्याखाली निळ्या अक्षरांत लिहिलंय ‘आणखी वाचा’. ते तू तेव्हाही दाबलं नव्हतंस आणि व्हिडिओ करतानाही नाही. म्हणून हे पत्र. व्हिडिओ काढून टाकू नकोस, राहू दे. फक्त ग्रुपवर मागे जा, श्रद्धांजल्यांच्या आधी थांब आणि ते दाब. क्रमांक सहा वाच, मग खाली मी स्वतः टाइप केलेली ओळ वाच. तुझ्या आईला दिलेला शब्द मी आज मोडतोय. जन्मभर लागेल म्हणाली होती ती. लागू दे. आशीर्वाद तिच्याकडेच होते, ती घेऊन गेली. वर्षश्राद्धाला यायचं की नाही ते तुझं तू ठरव. फोन करावासा वाटला तर ओपीडी संपायची वाट बघू नकोस, अकरा बेचाळीसला कर. त्या वेळी तू मोकळा असतोस.

तुझाच,
बाबा