पहिल्या हाकेला

शनिवार, ९ ऑगस्ट

आलो एकदाचे! तळ्याकाठी लाकडी घर, तीन बाजूंनी झाडी, चौथीला पाणी. गाडी पलीकडच्या काठावर ठेवून होडीतून यावं लागतं, दुसरी वाट नाही. वल्ही मी मारली. मेहुण्यांनी सामान सांभाळलं, म्हणजे स्वतःची पिशवी मांडीवर घेऊन बसले.

पुढच्या आठवड्यात कन्या शिकायला परदेशी चालली, म्हणून हा घाट. ही वहीही तिचीच भेट. रोज लिही आणि फोनवर मला वाचून दाखव, म्हणाली. पंप दुरुस्त करता करता कारखाना उभा केला, आता लेखक व्हायचं तेवढं राहिलं होतं.

किल्ली देताना घरमालकांनी नियम ऐकवले. गळ्यात रेशमी रुमाल, बोलणं असं की जणू घर भाड्यानं नाही, दान देतायत. ओला टॉवेल खुर्चीवर टाकू नये. बूट बाहेर. आणि पाण्याजवळ कुणी कुणाला हाक मारू नये, ओसरीवर पितळी घंटा आहे ती वाजवावी. का, तर हे पाणी म्हणे ऐकतं. बापानं घर बांधून ठेवलं की माणसाला असलं काहीबाही सुचायला वेळ मिळतो. मी मान डोलावली. गिऱ्हाईक मूर्ख असलं की मी नेहमीच डोलावतो.

पोचल्या पोचल्या धक्क्याच्या टोकाला जाऊन ठणठणीत आवाज दिला, ‘ए भोपळ्या!’ समोरच्या डोंगरानं तो इमानदारीत परत केला. भोपळ्या म्हणजे कन्या. तान्ही असताना होती तशी, आता काडी झाली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. अर्धी वेणी हातात धरून धावत आली. पहिल्या हाकेला येते. लहानपणी माझ्या वर्कशॉपात खेळायची, तिथे मशीनचे पट्टे फिरत असायचे. बाबाची हाक आली की हातातलं टाकून यायचं, का म्हणून विचारायचं नाही, हे मी तिच्या अंगात मुरवलंय. बायको म्हणते, पोरगी आहे की फौजेतला शिपाई? म्हणो. पोरीचा एक केस कधी पट्ट्यात गेला नाही.

रविवार, १०

मेहुण्यांना घंटा सापडली. चहा हवा, घंटा. साबण मिळेना, घंटा. हा माणूस कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. दुपारी सगळे लवंडल्यावर मी घंटा काढली आणि धक्क्यावरून दिली सोडून. गुडुप! मागच्या खोलीत ठेवली आहे, असं सगळ्यांना सांगितलं. मेहुणे रुसले. जेवण मात्र सोडलं नाही.

संध्याकाळी कन्येला पुन्हा हाक मारली. या खेपेला डोंगरानं उशीर केला. मी आत येऊन खुर्चीत टेकलो, तेव्हा कुठे हाक परत आली. मेहुण्यांनी हवा, तापमान, आर्द्रता यांवर व्याख्यान झोडलं. एक गोष्ट मात्र मी बोललो नाही. माझ्या कानांवर माझं घर चालतं, फाटकातून मोटारीचा आवाज ऐकून कुठली बेअरिंग गेली ते सांगतो. परत आली ती हाक मी मारलेली नव्हती. मी नुसतं ‘ए भोपळ्या’ म्हणालो होतो. तिकडून आलं, ‘ए भोपळ्या, ये.’

सोमवार, ११

सकाळी घरामागे लाकडं फोडत होतो. कन्या आली, गुडघ्यापर्यंत भिजलेली. कशाला बोलावलंस, म्हणाली. मी बोलावलंच नव्हतं. ती म्हणते, धक्क्याच्या पुढून आवाज आला, म्हणून पायऱ्या उतरले.

मेहुणे! तरुणपणी गॅदरिंगला पुढाऱ्यांच्या नकला करायचे, त्या जिवावर बायको मिळाली आणि पुढे सोडूनही गेली. बोलावून चांगलं झापलं. गळ्याला हात लावून म्हणाले, दाजी, शपथ, मी नाही. शपथेवर विश्वास ठेवायचा असता तर उधारीवर पंप विकले असते.

मंगळवार, १२

हाका मारणारे मेहुणे नाहीत.

नाश्त्याला माझ्या समोरच बसले होते, तोंडात अख्खं बिस्कीट. तळ्यातून माझा आवाज आला. मेहुण्यांचा घास तसाच राहिला, आणि कन्या ताटावरून उठलीसुद्धा. मी समोर बसलेला तिला दिसत होतो, तरी उठली. पाय आधी जातात, डोकं मागून, असं नंतर रडत म्हणाली. बायकोनं धक्क्यावर तिची वेणी पकडली म्हणून—

नंतर लोखंडी शीग घेतली. बंद पंपाच्या पोटातलं ऐकायला एक टोक पंपावर, एक कानाला लावतो, तशी धक्क्याच्या खांबाला लावली. खाली कुणीतरी सराव करत होतं. ‘भो. भोप. भोपळ्या.’ घोगरं, मग साफ. मग मी खोकतो तसं खोकलं.



मंगळवार, दुपारी

वारा सुटलाय, आज होडी निघणार नाही, उद्या सकाळीच निघायचं. कन्येला बजावलं, मी हाक मारली तर यायचं नाही, गळा फाडून ओरडलो तरी नाही. आयुष्यभर शिकवलेलं एका दुपारी पुसायला बसलो. हिनं तिला आणखी सांगितलं, घंटा वाजली तरच ये, घंटेला काही नक्कल करता येत नाही. मागच्या खोलीतून काढून ठेवा, असं मला म्हणाली. मी बरं म्हटलं. पातेलं वाजवीन. आवाज तो आवाज.

बोलणं बंद केलंय. मी बोललो की ते शिकतं. काही सांगायचं तर याच वहीत लिहून हिला दाखवतो.

बुधवार, १३

धुकं. धक्क्यावर बसून लिहितोय. होडी नाही.

कन्या होडीत बॅगा लावत होती. मी घरात कुलूप शोधत होतो. मेहुण्यांनी होडीचा दोर सोडला. का सोडला? दाजींनी धुक्यातून ओरडून सांगितलं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला माझं ऐकायची बुद्धी झाली.

वल्ही तिच्याजवळ आहेत. काठ दिसत नाही.

राहवलं नाही. ओरडलो, भोपळ्या, इकडे! लगेच तिकडून तेच. ओळख पटावी म्हणून तिच्या आजीचं नाव घेतलं. तिकडूनही घेतलं. ती विचारते, बाबा, खरा कुठला? रडतेय.

तोंड मिटलं. तिकडचं मिटत नाही.

वल्ही थांबली आहेत. शहाणी माझी. बरोब्बर सांगितलं तसं वागते आहे, माझ्या हाकेला येत नाहीये— माझ्याही—

मेहुणे पातेलं आणायला गेले. ही ओरडून धीर देते आहे, थांब, बाबा घंटा वाजवतायत—

घंटा.

घंटा वाजते आहे. संथ. तळ्याच्या मधून.

कन्या ओरडली, आई, ऐकू आली! आले!

वल्ही जोरात. लांब जातायत. पातेलं आलं, बडवलं, बडवलं, ती—

ही माझा हात धरून विचारते आहे, घंटा तुम्ही मागच्या खोलीत ठेवली होतीत ना, मग तिकडे पाण्यात—