चिन्मयीच्या डब्याचा कारभार

तीर्थस्वरूप यमुताई,

हुडकेश्वरहून तुझ्या धाकट्या मधूचा तुला आणि भाऊजींना वाकून नमस्कार. इकडे आम्ही सारे बरे आहोत. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, भाऊजी साखरेच्या गोळ्या वेळेवर घेतात की तू पाठ फिरवलीस की खिशात टाकतात, आणि पुण्याच्या थंडीत तू स्वेटर घालतेस की 'आम्ही नागपूरची माणसं' म्हणत तशीच हिंडतेस, हे सविस्तर कळव. फोनवरच विचारलं असतं, पण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस (राग मानू नकोस, पहिलंही अर्धंच होतं), आणि मला सांगायचं आहे ते लांबलचक आहे. शिवाय परवा मी 'जळून राहिलं, ठेवतो' म्हणून तुझा फोन ठेवला, तर तू लगेच केयूरला फोन करून घराला आग लागली का विचारलंस म्हणे. आग नव्हती. धिरडं होतं.

तर झालं असं. आमची सूनबाई, म्हणजे भैरवी, बँकेच्या ट्रेनिंगसाठी हैदराबादला गेली. केयूरला सध्या रात्रपाळी, तो घरी येतो तेव्हा चिन्मयीची शाळेची व्हॅन निघून गेलेली असते. आणि भैरवी गेली त्याच आठवड्यात प्रेमिला अंगण धुताना घसरली आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये घालून बसली. पोळ्यांना बाई लावली आहे, पण ती उजाडल्यावर सावकाश येणार. राहिला प्रश्न चिन्मयीच्या डब्याचा. ती आता तिसरीत आहे. मी म्हणालो, कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरपाशी जन्म काढलेल्या माणसाला, अख्ख्या विदर्भाचे दिवे लावलेल्या माणसाला, एका पोरीचा डबा भरता येणार नाही? प्रेमिलानं फक्त आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणवून घेतली. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

शाळेनं पालकांच्या ग्रुपवर डब्याबद्दल सूचना टाकलेलीच होती. डबा पौष्टिक असावा, दिसायला आकर्षक असावा आणि मुलाला स्वतःच्या हातानं खाता यावा. नूडल्स, चिप्स, बिस्किटं चालणार नाहीत. (पहिल्या दोन अटींचा मी इतका अभ्यास केला की तिसरी वाचायची राहून गेली. पुढं कळेलच.) पहिल्या दिवशी मेथीचे पराठे आणि दही दिलं. पराठ्यांचा आकार कुठल्या जिल्ह्याशी जुळतो यावर प्रेमिला आणि चिन्मयीचा वाद झाला, पण चव बरी होती. दही मात्र व्हॅनमध्येच डब्यातून निघालं आणि गणिताच्या वहीत शिरलं. पोरगी घरी आली ती रडवेली. वर्गात कुणीतरी तिला 'कढी' म्हणालं होतं.

ताई, तुला माहीत आहे, गळती मला सहन होत नाही. नोकरीत कुठल्या पाइपाला नुसता घाम आला तरी मी जेवण सोडून उठायचो. त्याच संध्याकाळी स्कूटर काढून महालचा बाजार गाठला आणि गल्लीबोळ हिंडून डब्याच्या खोबणीत बसेल अशी जाड रबरी रिंग शोधली. दुकानदारानं विचारलं, "कोणत्या कुकरची पाहिजे?" मी म्हटलं, कुकरची नाही, शाळेच्या डब्याची. तो म्हणाला, "काकाजी, डब्यातूनही शिट्टी काढून राहिले का?" त्याच्याकडे दुर्लक्ष करून मी रिंग घेतली, घरी येऊन बसवली, डबा पाण्यानं भरला आणि प्रेमिलाच्या डोक्यावर उलटा धरून दाखवला. (डोक्याच्या बराच वर. तुझ्यापर्यंत हे वेगळ्या रूपात पोहोचलं असेल तर ते खोटं आहे.) एक थेंब पडला नाही. चिन्मयीनं टाळ्या वाजवल्या. प्रेमिला एवढंच म्हणाली, "अहो, पोरगी शाळेत चालली, समुद्रात नाही."

गळती बंद झाल्यावर मी आकर्षकतेकडे वळलो. बिटाचे पराठे केले. त्यानं पराठे, पोळपाट, माझा सदरा आणि प्रेमिलाचं प्लास्टर असं सगळंच गुलाबी झालं. दुसऱ्या दिवशी भातावर काकडीचे डोळे, गाजराचं नाक आणि सांबाराचे केस लावून एक चेहरा केला. (तू पुण्यात जाऊन आता सांबाराला कोथिंबीर म्हणतेस, हे माझ्या कानावर आलं आहे.) चिन्मयीनं बराच वेळ तो चेहरा निरखला आणि विचारलं, "आबा, ही यमुआजी आहे का?" गाल जरा फुगले होते इतकंच, बाकी तुझ्याशी काही साम्य नव्हतं.

पण डबा परत आला तो जसाच्या तसा. मी तो गुडघ्यात दाबून, झाकणाखाली चमच्याचा दांडा घालून उघडला. फस्सकन हवा आत गेली, आणि मला आधी समाधानच वाटलं की बंदोबस्त पक्का आहे. मग आत पाहिलं. चेहऱ्याला घाम फुटला होता आणि एक डोळा घसरून हनुवटीवर आला होता. पण भात घासभरही हललेला नव्हता. आणि मग हे रोजचंच झालं. मुगाची धिरडी गेली तशी आली. पालकाच्या पुऱ्या गेल्या तशा आल्या. सांबारवडी तर मी पहाटे उठून, अंगभर बेसन माखून केली, तीही शाळा पाहून परत आली. "कसं लागलं गं?" विचारलं की ही म्हणे, "छान होतं आबा," आणि पाठ फिरवून कपडे बदलायला पळे. छान होतं तर परत काहून आलं? "वेळ नाही पुरला." प्रेमिलाच्या मते मीठ कमी होतं. माझ्या मते मीठ बरोबर होतं, सजावट कमी पडत होती. खरं सांगू, मनातून मी धास्तावलो होतो. पोर दिवसभर उपाशी राहते, आई गावात नाही, आणि काही कमीजास्त झालं तर भैरवीला काय तोंड दाखवणार? त्यात गंमत अशी की पोरगी वाळत नव्हती. संध्याकाळी अंगणात दोरीवरच्या उड्या चालूच.

आणि मग तिच्या वर्गाच्या भोयर मॅडमचा निरोप आला की जरा भेटून जा. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो (बिटाचा नव्हे). मॅडम वयानं लहान, पण बोलणं फार मायेचं. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "काका, घरी काही अडचण आहे का? आजींना लागलं असं ऐकलं. चिन्मयी रोज बाकावरच्या मिनलच्या डब्यातलं खाते. आमचं काही म्हणणं नाही, पण तिचा डबा ती दप्तरातून काढतच नाही. डब्यात काही नसतं का?"

ताई, माझ्या कानांतून वाफ निघाली. डब्यात काही नसतं? सांबारवडी करणाऱ्या माणसाच्या डब्यात काही नसतं? मी म्हणालो, मॅडम, आत्ता डबा मागवा, उघडा आणि स्वतः खाऊन पाहा. चिन्मयी डबा घेऊन आली आणि माझ्याकडे न पाहता भिंतीपाशी उभी राहिली. मॅडमनी झाकण ओढलं. उघडलं नाही. दुसऱ्या बाजूनं ओढलं. नाही. "थांबा," म्हणून मी हात घातला, तर तिथं माझा चमचा नव्हता, झाकण ढिम्म. मॅडमनी शिपाई गोपाळरावांना हाक मारली. त्यांनी डबा हलवून पाहिला, कानाला लावून पाहिला, आणि म्हणाले, "वेल्डिंग केलं का जी याले?" शेवटी त्यांनी झाकण धरलं, मी डबा धरला, आणि दोघांनी जोर लावला. सुटलं तेव्हा झाकण त्यांच्याकडे होतं, डबा माझ्याकडे आणि पालकाच्या पुऱ्या मॅडमकडे.

मग मॅडमनी मांडीवरची एक पुरी उचलली, तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "पुरी मात्र छान आहे हो, काका." आणि त्यांना जे हसू फुटलं ते गोपाळरावांनाही आवरेना. मी हसलो, पण जरा उशिरा. कारण तेवढ्यात मला सगळा प्रकार उमगला होता. गरमागरम भरायचं, लगेच घट्ट झाकण दाबायचं. आतली वाफ निवली की आतला दाब उतरतो आणि झाकण आत खेचलं जातं. त्यात माझी महालातली रिंग. नोकरीभर नव्या पोरांना फळ्यावर आकृती काढून जे शिकवलं, तेच मी आठ वर्षांच्या नातीच्या डब्यावर करून बसलो होतो. माझं जेवण नापसंत व्हायला आधी ते कुणाच्या जिभेपर्यंत पोहोचायला तर हवं होतं!

घरी येताना ती स्कूटरवर मागं बसली होती. मी विचारलं, "सांगितलं काहून नाही, बेटा?" ती म्हणाली, "आबा, तुम्ही रोज विचारलं, कसं लागलं. उघडलं का, ते विचारलंच नाही." मग थोड्या वेळानं पाठीला गाल टेकून म्हणाली, "आणि रिंग दाखवताना तुम्ही किती खूश होते." मानेवाडा चौकात सिग्नल हिरवा झाला तरी मी तसाच उभा होतो. मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा निघालो.

त्या दिवसापासून कारभार बदलला. रिंग काढली. अन्न आधी ताटात पसरून निववतो, मग भरतो. आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी चिन्मयी ओट्यापाशी स्टुलावर बसून मला समजावून सांगते. मधली सुट्टी म्हणजे हात धुवून येईपर्यंत संपते, म्हणून सगळं एका घासाचं हवं. बोटं तेलकट नकोत, नाहीतर वहीला डाग पडतात. डबा उघडल्यावर मागच्या बाकानं नाक धरता कामा नये. आणि चेहरे नकोत. "आबा, डोळ्यांकडे बघून खावंसं वाटत नाही." एवढी साधी गोष्ट! म्हणून आता रुपयाएवढी थालीपीठं, दही लावून गुंडाळलेली पोळी, उकडलेले हरभरे, आणि संत्र्याच्या फोडी, बिया काढून आणि पांढऱ्या शिरा सोलून. पहिल्यांदा डबा रिकामा आला तेव्हा मी तो प्रेमिलासमोर धरला. तिनं आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही तर नाही ना खाल्लं?"

इथंच मी पत्र संपवलं असतं, पण रविवारी मिनलची आई घरी आली. मला वाटलं, इतके दिवस आमच्या पोरीला जेवू घातल्याबद्दल दोन शब्द ऐकवायला आली. मी माफी मागायच्या तयारीत उभा, तर तीच म्हणाली, "काका, तुमच्या चिन्मयीनं आमच्या डब्यातलं खाणं काहून बंद केलं हो?" झालं होतं असं की तिची मिनल एकटी असली की दोन घास चिवडून डबा बंद करते. चिन्मयी वाटेकरी झाली, तशी चढाओढीनं डबा चाटूनपुसून यायला लागला. माउली खूश होऊन जास्त जास्त भरून देत होती. आता चिन्मयीचा डबा उघडायला लागला आणि मिनलचा पुन्हा भरलेला यायला लागला. प्रेमिलानं तिला चहा दिला (डाव्या हातानं, मी फक्त दूध आणि साखर आणि पाणी आणि पत्ती टाकून उकळून गाळला) आणि दोघींनी तोडगा काढला. दोन्ही डबे मध्ये ठेवायचे आणि दोघींनी मिळून दोन्ही संपवायचे. तेव्हापासून मला संध्याकाळी मिनलच्या आईला विचारावं लागतं की तुमच्याकडे उद्या काय, म्हणजे दोन्हीकडे थालीपीठ नको. मिनलला तीळ आवडतात. हे आता मला तिच्या बापाआधी कळतं.

ताई, निवृत्तीनंतर सकाळ फार मोठी वाटायची. पेपर वाचून संपला तरी ती उरायचीच. आता पहाटे ओट्याशी उभा राहतो, तवा तापत असतो, बाहेर अजून धुकं असतं, आणि अर्धवट झोपेतली पोरगी येऊन हात पुढे करते. पहिलं थालीपीठ तिचं. ते फुंकर मारून खाते आणि मान हलवते. तेवढी मान हलली की माझा दिवस सुरू होतो.

सर्वांना यथायोग्य. भाऊजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. तू आलीस की तुला डबा भरून देईन. रिंगशिवाय.

तुझा,
मधू (मधुसूदन)

ता. क. संत्र्यांची पेटी ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतो आहे. बदल्यात काही नको. आमचं काही मागणं नाही.

ता. क. २. मागणं नाही म्हटलं, पण एक आहे. भैरवी शनिवारी परत येते. आली की ती डब्याचा ताबा घेणार आणि 'बाबा, तुम्ही फार केलं, आता आराम करा' म्हणणार. मला आराम नको आहे. ती तुझं ऐकते. तेव्हा तू तिला सहज म्हणून फोन कर, इकडचं तिकडचं बोल, आणि मध्येच, जणू तुलाच सुचलं अशा बेतानं, म्हण की डबा मधूकडेच राहू दे, त्याची तब्येत बरी राहते. मी लिहिलं हे अजिबात कळू देऊ नकोस. हवं तर माझं बीपी वाढलं आहे असं सांग.

ता. क. ३. पाकीट चिकटवतच होतो तर भैरवीचा फोन आला. चिन्मयीनं तिला सगळं सांगितलं आहे, पुऱ्यांसकट. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती अडखळत म्हणाली, "बाबा, रागावणार नसाल तर... मी आल्यावरही डब्याचं तुम्हीच बघाल का? तुम्हाला विचारायला संकोच वाटत होता, म्हणून मी कालच यमुआत्यांना मेसेज केला, तुम्ही बाबांना तयार करा म्हणून." ताई, मी 'बघू' म्हणून फोन ठेवला आहे. आता तू एवढंच कर. तिला कळव की मधू मोठ्या मुश्किलीनं तयार झाला.