नव्या गाळ्यावरून बारशाला

दापोडी, ८ जानेवारी १९५६

चि. सौ. सुमन हिस आजी अंबूबाईचे पोटभर आशीर्वाद.

तुला मुलगा झाला, मी साऱ्या आळीत साखर वाटली. गोजाबाईला दोनदा दिली. तिला ऐकू येत न्हाई, आन मला पुन्हा सांगायचंच व्हतं. तुझी आई असती तर नाचली असती. तिच्या वाटचं मीच नाचले, गुडघा धरून. तुझ्या बानं, रंगरावानं, बाजारातून कुंची आणली. माप कशाचं, तर स्वतःच्या दोन मुठींचं! मी म्हटलं, ही तुझ्या मीरासाहेब मुकादमाला बसंल. नुसता हसला.

सध्या तो पुलावरच असतो. रेल्वेच्या पुलाचे जुने विलायती गर्डर काढून नवे घालतात, आता दोन खांबांमधला एकच गाळा राहिलाय. माझी भीती तुला ठाव हाय. तुझ्या लग्नाला पुलावरून आले तवा डोळे मिटून त्याचा हात धरला व्हता, पुन्हा काही दौंडाला आले न्हाई. तो म्हणतो, आई, हा गाळा बसू दे, माझ्या हातच्या पुलावरून तुला बारशाला नेतो. मी व्हय म्हटलंय. लोभ पाळण्यासारखा हलता राहू दे.

अंबूबाई

दौंड, १४ जानेवारी १९५६

ती. आजीस सुमनचा सा. न. वि. वि.

सासूबाई बाराव्या दिवशीच बारसं करणार होत्या. मी हट्ट धरला, आजी आणि बाबा आल्याशिवाय बाळाला पाळण्यात घालायचं नाही. शेवटी १२ फेब्रुवारीचा रविवार ठरला. तू आता कारण काढू नकोस, गुडघ्याचं तर मुळीच नको. बाबांना सांग, उंचावर तंबाखू मळत बसू नका. बाळाची हनुवटी थेट त्यांची आहे. माया आहेच, ती घेऊन लवकर ये.

तुझी सुमन

दापोडी, ६ फेब्रुवारी १९५६

चि. सौ. सुमन हिस आशीर्वाद.

जावईबापूंना तार केली तवाच कळवलं, ओल्या बाळंतिणीला हलवू नका. पोरी, थोडंच रड, दूध आटंल. जुना गाळा उतरवताना साखळी घसरली. तुझा बा खालच्या अंगाला व्हता. बाया दारात आल्या, तर मला वाटलं बाळाचं विचारायला आल्या. मी त्यांना कुंची दाखवत बसले.

काल दहावा झाला. नदीकाठी माझ्या पुतण्यानं, उद्धवनं, पिंड ठेवला. कावळे पुलाच्या लोखंडावर बसलेले, एक खाली उतरंना. उद्धव म्हणाला, काकीला सांभाळतो. न्हाई. सुमनचं माहेर राखतो. तरी न्हाई. ऊन डोक्यावर आलं. मग मीरासाहेब जोडे काढून पुढं आले आन पिंडाकडं बघून बोलले, रंगराव, तुझ्या आईला नव्या गाळ्यावरून बारशाला मी नेतो. तवा उतरला मेला. शिवला.

तर बारसं पुढं ढकलू नको. गाळा बसलाय, गाड्या सावकाश जातात. या खेपेला डोळे मिटणार न्हाई, त्याचं काम बघायचं हाय. हात कुणाचा धरशील म्हणून विचारशील, तर कुंची धरीन. मोठी हाय. माझ्या दोन्ही मुठी तिच्यात मावतात.

येतेच. तवर लोभ जपून ठेव.

अंबूबाई