लोखंडी टोकाचे बूट

मुक्काम लिओनोरा, रविवार

प्रिय रोवेना,

मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

सुरुवातीला सोनं शोधायचं मशीन पावलापावलाला वाजायचं आणि मी खणत सुटायचो. हाती नुसती लाल माती. शेवटी शेजारच्या तंबूतला म्हातारा मर्व्ह पोट धरून हसला. "अरे बाबा, बुटांच्या टोकांत लोखंड आहे! मशीन तुझ्याच पायांवर ओरडतंय आणि तू जमीन उकरतोयस!"

सापांच्या भीतीने तूच घेऊन दिलेले ते बूट.

आता कॅनव्हासचे घालतो. मर्व्ह काल निघून गेला. मशीनही गप्प आहे. पण मी धीर सोडलेला नाही, काळजी करू नकोस.

फक्त संध्याकाळी तुझे बूट घालतो आणि मशीन थोडा वेळ वाजू देतो.

अजून रिकाम्या हातांचा, तुझाच
डेस्मंड