मेंढरं एवढ्यात इकू नका

रोम, मे २००३

तीर्थरूप आबांना,
शंभूचा लांबूनच पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा हाय. टूरवाल्यांच्या सैपाकी मामांच्या हाताखाली पुऱ्या लाटतो, त्याच खातो. आईला म्हणावं, काळजी करू नको. पण तुमच्या गुडघ्यापायी मेंढरं इकायचं ठरतंय, असं धनश्रीताई फोनवर म्हणाली. तवापासून मन ठिकाणावर न्हाई.

काल सैपाक उरकून पावण्यांसंगं गाव बघितलं. दोन हजार वर्षांची पडकी देवळं, मोडके खांब, आन् मधी पोटरीभर हिरवंगार गवत. चरायला एक शेळी न्हाई! जीव नुसता हळहळला.

पुढं छत्री उंच धरून गाइडबाई, मधी पुण्याची माणसं, आन् कुणी चुकू नये म्हणून शेवटाला मी. मेंढरांमागं चालायचा कंटाळा म्हणून घरून निघालो, आन् हितं करतोय काय! एक काका फोटो काढत भलतीकडंच निघाले, तवा माझ्या तोंडून “हुर्रऽऽ, हिकडं!” निघून गेलं.

काका म्हणाले, “अरे, आम्ही काय मेंढरं?”

काकू म्हणाल्या, “मेंढरं ऐकतात तरी!”

समदी हसली. मीबी हसलो.

आबा, दिवाळीनंतर कळप कोकणात उतरायच्या आधी मी येतो. तुम्ही घरी बसून वाट सांगा, चालतो मी. तवर राहू द्या. आन् इकली असतील तर फोनवर सांगू नका. हितं एका खोलीत आम्ही चौघं निजतो, रडायला जागा न्हाई.

आईला दंडवत, ताईला नमस्कार.

तुमचाच,
शंभू