पलंगाच्या पायथ्याला विटा

बजाजनगर, मंगळवार

तीर्थरूप व्यंकटमामांच्या चरणी केयूरचा साष्टांग नमस्कार. (गेला आठवडा उताणा पडून काढल्यामुळे साष्टांगासाठी पालथं पडायला फार बरं वाटलं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींना शुगरच्या गोळ्या आठवणीने घ्यायला सांगा. इथं आई आणि मी खुशाल आहोत. हे 'खुशाल' जरा ठासून वाचावं, कारण माझ्याबद्दल भलतंच काही तुमच्या कानावर आलं असणार.

मला कसलाही आजार नाही. झालं असं, की अंतराळात वजन नसल्यामुळे माणसाचं रक्त डोक्याकडे चढतं, हाडं ठिसूळ होतात, स्नायू सैल पडतात. हे जमिनीवर अभ्यासायचं तर धडधाकट माणसांना डोकं किंचित खाली आणि पाय वर असं आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवतात. जेवण, आंघोळ, सगळं आडवंच. मान उचलायची नाही. त्यांच्या हाडांचं जे होतं, त्यावरून अंतराळवीरांचे व्यायाम ठरतात. एका संस्थेला अशी माणसं हवी आहेत हे वाचलं आणि वाटलं, ही तर आपलीच जागा. (झोपण्यातली माझी गती तुम्ही लहानपणापासून पाहिली आहे.) अर्ज केला, कंपनीत रजा टाकली आणि सराव असावा म्हणून पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या.

अडचण आली ती शेजारच्या आशाबाईंमुळे. त्यांनी मला पाय वर, डोकं खाली अशा अवस्थेत स्ट्रॉने चहा पिताना पाहिलं, आणि तासाभरात निम्मी गल्ली शहाळी घेऊन हजर. आता मोठी माणसं घरात आली की उठून पाया पडायचं आणि जाताना दारापर्यंत सोडायला जायचं, हे आईने मला धपाटे घालून शिकवलंय. मी मात्र निश्चयाने पडून राहिलो. "वाचा शाबूत हाय, समजतंय बी, पण पोराला उठवत नाय वो," म्हणत आशाबाई डोळे पुसत होत्या. आईने सगळ्यांना अंतराळ समजावून सांगितलं. त्यानंतर लोक तिच्याकडेही काळजीने पाहू लागले.

बातमी दौलताबादला पोहोचली. तुम्ही एवढ्या खटपटीने जुळवत आणलेलं स्थळ, म्हणजे स्वरालीचे वडील नानासाहेब, शनिवारी खात्री करायला स्वतःच आले, सोबत सीताफळांची पाटी घेऊन. मामा, स्वराली मला मनापासून आवडली आहे. उठावं तर सराव मोडतो, न उठावं तर लग्न. पण मी डोकं शांत ठेवलं (रक्त त्यात भरपूर होतंच). आणीबाणीत माणूस कसा वागतो, हेच तर अंतराळवीर निवडताना बघतात. नानासाहेब उशाशीच उभे होते, म्हणून झोपल्या झोपल्या हात लांबवून त्यांच्या पाया पडलो. नेमकं त्याच वेळी ते पाऊल मागे घेत होते. घोटा माझ्या हातात राहिला, तोल सावरायला त्यांनी पलंग धरला, विटा निसटल्या आणि मी, नानासाहेब, सीताफळं असे सगळे एकदमच जमिनीवर आलो. मी टुणकन उठलो आणि त्यांना उचलून पलंगावर ठेवलं. "आजारी कोण हाय म्हनले होते?" एवढंच ते कण्हत बोलले.

त्यांचा घोटा मुरगळलाय, तेव्हापासून ते आमच्याकडेच आहेत. डॉक्टरांनी पाय उंच ठेवून पडून राहायला सांगितलंय, त्यामुळे विटा पुन्हा लावल्या. (गल्लीने शहाळीही पुन्हा आणली.) लग्न मोडलं असं ते म्हणत नाहीत, पण जुळलं असंही म्हणत नाहीत. म्हणून विनंती, की पत्र मिळताच जीप घेऊन निघावं, त्यांना दौलताबादला सोडावं आणि वाटेत माझ्याबद्दल चार शब्द बरे बोलावेत. लग्न जुळणारच याची मला खात्री आहे, फक्त उशीर करू नये.

आपला भाचा (सध्या उभा),
केयूर

ता. क. संस्थेने नकार कळवला. माझं वजन जास्त आहे म्हणे. जिथं गेल्यावर वजन उरतच नाही, तिथल्या कामाला ही अट! नुकसान त्यांचंच आहे.

ता. क. २ पत्र टाकायला निघालो तेवढ्यात वडिलांच्या सेवेला स्वराली आली. तिला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "असलं येडेपन करायला बी हिंमत लागते." माझी रजा अजून शिल्लक आहे. तुम्ही जीप कधीची गॅरेजला टाकायची म्हणत होता ना मामा, ती याच आठवड्यात टाका.